मे महिन्यात सहकुटुंब धबधबा: नेत्रावळीच्या सावरीला जाऊन आलो

माटोळी

मे महिन्यात धबधबा बघायला कोण जातं, हे घरात सगळ्यांनी विचारून झालंय. शेजारच्या काकूंनीही कुंपणावरून विचारलं. तेव्हा तेवढा एक प्रश्न इथे नको. :)

पुण्याहून भाऊ, वहिनी आणि भाची सुट्टीला आमच्याकडे फोंड्याला आले होते. समुद्र झाला, म्हणजे सकाळी नऊनंतर वाळूवर पाय ठेववेना म्हणून 'झाला' म्हणायचं. मंगेशी, शांतादुर्गा झाली. इथे पारा ३४-३५च्या पुढे फारसा जात नाही, पण त्या दमट हवेत माणूस नुसता बसूनही निथळतो, हे पुणेकरांना सांगून पटत नाही, अनुभवावंच लागतं. शेवटी भाचीच म्हणाली, "आत्या, कुठेतरी झाडांत जाऊ या ना."

यजमानांनी आधी दूधसागर सुचवला. मी नको म्हटलं. कुळ्याला जीपसाठी ताटकळायचं, मग तासभर हाडं खिळखिळी करून घ्यायची, आणि मे महिन्यात त्या तीनशे मीटरच्या कड्यावर पाण्याच्या चार रेघा. सासूबाई सोबत होत्या, त्यांची कंबर आधीच रुसलेली. म्हणून सांगे तालुक्यातलं नेत्रावळी ठरवलं. अभयारण्यात सावरी आणि मैनापी असे दोन नावाजलेले धबधबे आहेत. मैनापीची वाट लांबची आणि दमवणारी, सावरी जवळचा. घरातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाच्या हिशेबाने ठिकाण निवडायचं हा आमच्याकडचा नियम, म्हणून सावरी.

पहाटेच निघालो. सावर्डे, सांगे करत वनखात्याच्या नाक्यावर पोचलो तेव्हा ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवरच होतं. नाक्यावरच्या माणसाने आमची फौज बघितली, सासूबाईंची काठी बघितली आणि म्हणाला, "उदक आसा, पूण उणें." (पाणी आहे, पण कमी.) नाव-गाव लिहून घेतलं, तिकिटं फाडली, पिशव्यांत प्लास्टिक किती ते विचारलं.

वाट आधी रुंद, मातीची, नंतर दगडांतून. पावसात या वाटेवर जळवा चढतात, आता एकही नाही. उलट पाचोळा इतका की सात माणसं चालली तर पुढे गव्यालाही कळावं. किंदळ आणि माट्टीची झाडं उभ्या वाटेला साथीला होती. माट्टीची साल बघून भाची थबकली. भेगा पडलेली, चौकोनी खवल्यांची, काळपट. मगरीच्या पाठीवरून हात फिरवतोय असं वाटतं म्हणाली. हा आपल्या गोव्याचा राज्यवृक्ष, आणि याची काही खोडं उन्हाळ्यातही पोटात पाणी धरून असतात, हे ऐकल्यावर तिने पुढच्या प्रत्येक खोडावर टकटक करून बघितलं. त्यामुळे अर्ध्या तासाची वाट आम्ही तासाभराने संपवली, पण कोणाला घाई होती?

आता पाण्याचं. गर्जना वगैरे काही नाही. कड्यावरून पाणी सुपातून तांदूळ सांडावेत तसं सुटं सुटं उतरत होतं आणि वारा आला की बाजूला कलत होतं. खाली डोह हिरवा, काठाला गुडघाभर, मध्ये तळ दिसत नव्हता. मध्ये कोणालाही जाऊ दिलं नाही. मुलांनी काठावर पाय सोडले आणि बोटाएवढे मासे येऊन टाचांची कातडी खुडायला लागले. धाकटा आधी किंचाळला, मग तिथून उठेना.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पाणी कमी असल्यामुळे कडा दिसतो. पावसात नुसता पांढरा पडदा. त्यामागे काय आहे कोणाला माहीत? आता कातळावर शेवाळाचा वाळून काळा पडलेला पट्टा दिसत होता, कुठवर पाणी चढतं ते सांगणारा. डोहाच्या अलीकडे दोन शिळांच्या खाचेत एक अख्खा ओंडका अडकला होता, साल पार सोलवटलेली, आणि तो यजमानांच्या डोक्याच्या वर होता. यजमान उंचीला काही कमी नाहीत. भाऊ त्या ओंडक्याखाली उभा राहिला, वर बघितलं आणि मुलांना म्हणाला, "जुलैत आपण इथे उभे असतो तर पाणी या लाकडाच्या वरून गेलं असतं." आम्ही आपले दरवर्षी 'पावसात पाण्यात उतरू नका' म्हणून घसा कोरडा करतो. त्या ओंडक्याने ते काम एका मिनिटात केलं.

ऊन कड्यावरून डोहात उतरायच्या आत परत फिरलो. गाडीत उकड्या तांदळाची पेज थर्मासात भरून नेली होती, सोबत खारातली तोरां, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या. वहिनी पेजेला आधी नाक मुरडत होत्या, नंतर झाकण चाटूनपुसून दिलं. येताना गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी बघितली. पायऱ्यांवर उभं राहून टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात म्हणतात. धाकट्याने हात लाल होईपर्यंत वाजवल्या. बुडबुडे वाढले की आमचं लक्ष वाढलं, त्यावर घरात दोन पक्ष पडले आहेत.

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना नेता येईल अशी आणखी पाण्याची ठिकाणं गोव्यात कुठली? दोन, चोर्ला घाटात पावसाळ्यात डझनभर धबधबे दिसतात, ते दिवाळीनंतर गायब होतात आणि सावरी मात्र मे महिन्यातही वाहतो. असं का?

पावसाळी_बेडूक

वर्णन छान, पण माफ करा, धबधबा पावसातच बघायचा. मे महिन्यात बघायचा तर घरच्या नळाखाली उभं राहावं.

माटोळी

बेडूकराव, तुमच्या नावाकडे बघून हा प्रतिसाद अपेक्षितच होता. :) पण पावसात अभयारण्यातल्या धबधब्यांवर आत सोडतीलच असं नाही. २०२३च्या जुलैत मैनापीवर दोन तरुण बुडाले आणि त्यानंतर बंदी आली, आठवत असेल. घरचं लेंढार घेऊन पावसात जायचं तर लांबून, रस्त्यावरूनच बघावं. काणकोणात बामणबुडो आहे की रस्त्यालगत. अगदी पाण्याजवळ जायचं तर उन्हाळा.

ताम्हिणीकर

आमच्याकडे मे महिन्यात ताम्हिणीत गेलं तर नुसते काळे डाग कड्यावर. तुमच्याकडे एवढं तरी आहे. फोटो टाका की.

माटोळी

फोटोत सगळीकडे घरची मंडळी आहेत, म्हणून टाकले नाहीत. ओंडक्याचा एक आहे, त्यातून भावाला कापून टाकते.

भूजल

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, पोटापाण्याचा विषय आहे.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, सह्याद्रीच्या अंगाला ४०००च्याही वर. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. म्हणजे मे महिन्यात तुम्ही जे पाणी बघितलंत ते गेल्या पावसाळ्याचं, सात-आठ महिने डोंगराच्या पोटात राहून हळूहळू झिरपत आलेलं. प्रश्न एवढाच की कुठल्या डोंगराला पोट आहे.

चोर्ल्याच्या उभ्या कड्यांवरून जुलैत जे पांढरे दोर लोंबतात, त्यांपैकी बहुतेकांच्या माथ्यावर पाणी गोळा करणारी जागा छोटीशी, माती पातळ, खाली कठीण कातळ. पाऊस पडला की वाहिला, थांबला की आटला. याउलट ज्या ओढ्याच्या मागे जंगलाने झाकलेलं मोठं खोरं आहे आणि जमिनीत कुजून भुसभुशीत झालेल्या खडकाचा जाड थर आहे, तिथे पाणी मुरायला जागा आणि वेळ दोन्ही मिळतात. जांभ्याच्या सड्यांचंही तसंच. जांभा सच्छिद्र, त्याच्याखाली शेडी माती, ती पाणी खाली जाऊ देत नाही. मग पाणी आडवं सरकतं आणि उताराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर पडतं. आपली कुळागरं, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागा, नेमकी तिथेच का आहेत याचं उत्तर त्यात आहे. पूर्वजांनी भूशास्त्राची पुस्तकं वाचली नव्हती, पण पाणी कुठे निघतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

झाडं पाणी 'तयार' करतात असं मात्र नाही. उलट ती पाणी पितात. उन्हाळ्यात जंगलातल्या लहान ओढ्याचं मोजमाप केलं तर पहाटे पाणी किंचित जास्त आणि दुपारी किंचित कमी भरतं, कारण दिवसभर झाडं मुळांनी ओढत असतात. पण त्याच मुळांमुळे आणि पाचोळ्यामुळे जमीन मोकळी राहते आणि पावसाचं पाणी आत शिरतं. झाडं काढली की पाणी प्यायला कोणी नाही, पण मुरवायलाही कोणी नाही. तुम्ही पहाटे गेलात ते सगळ्याच अंगाने बरं केलंत.

पावसाळी_बेडूक

भूजल, मस्त. नळाबद्दलचं विधान मागे घेतो. अर्धं.

म्हादयेचो_पूत

हे सगळं ठीक, पण म्हादई नदीचं पाणी वरच्या वर वळवलं की कुठला सावरी आणि कुठला धबधबा? म्हादईच्या पाणीतंटा लवादाने २०१८मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, ते विसरू नका.

माटोळी

विसरत नाही. पण सावरीचं पाणी त्या खोऱ्यातलं नाही, आणि लवादावर आपला चारशे प्रतिसादांचा धागा आहेच. तिकडे भांडू, इथे नको.

वाळपईवालो

सत्तरी तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे पाली, चरावणे, हिवरे ही नावं लोक पावसाळ्यात घेतात. मे महिन्यात बहुतेक ठिकाणी डबकी उरतात आणि त्या डबक्यांवर आधी हक्क जनावरांचा. सकाळी गवा, भेकर, रानडुक्कर पाण्यावर येतात. तुम्ही सात माणसं गलका करत गेलात तर ती दिवसभर आत तहानलेली बसतात. जायचंच तर थोडा वेळ थांबा आणि निघा.

आणि आग. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती, ते गोव्याने पहिल्यांदाच बघितलं. आमच्या गावातले लोक झाडाच्या हिरव्या फांद्या घेऊन वणवा झोडपत होते. त्या पाचोळ्याबद्दल तुम्ही एवढं कौतुकाने लिहिलंय, त्यात विडीचं एक थोटूक पुरतं. काजूच्या मोसमात बागा साफ करायला लोक कचरा पेटवतात, तेही हाताबाहेर जातं. जंगलात चूल नको, सिगारेट नको, देवाला उदबत्तीसुद्धा नको.

माटोळी

मान्य. पेज थर्मासात नेण्यामागे तेही कारण होतंच. चूल मांडून 'वनभोजन' करणाऱ्यांचा एक घोळका आमच्या पुढे नाक्यावर अडवला गेला आणि बराच वेळ हुज्जत घालत होता.

नर्सबाय

सगळ्यांनी धबधब्याचं बोलून झालं, आता मी जरा रंगाचा बेरंग करते.

डिसेंबरपासून मेपर्यंत सत्तरीकडच्या जंगलात जाणार असाल तर माकडताप लक्षात ठेवा. १९५७मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात हा विषाणू सापडला, आणि २०१५मध्ये आपल्या पाली गावात त्याची साथ आली. माणसं गेली आहेत, थट्टेचा विषय नाही. हा ताप गोचिडांमुळे होतो आणि कोरड्या दिवसांत पाचोळ्यात त्यांची बारीक पिल्लं असतात, डोळ्यांना पटकन दिसतही नाहीत.

घाबरून घरी बसा असं म्हणत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट, पँटचं टोक मोज्यात खोचलेलं. पाचोळ्यावर बसायचं नाही, विशेषतः पोरांना लोळू द्यायचं नाही. बसायचं तर उघड्या कातळावर. मेलेलं माकड दिसलं तर त्याच्या आसपास फिरकू नका, वनखात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आंघोळ साबण लावून, आणि पोरांच्या काखा, कानामागची जागा, कमरेची घडी नीट तपासा. त्यानंतरच्या आठवड्यात अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकायला लागलं तर डॉक्टरला 'जंगलात गेलो होतो' हे आपणहून सांगा. लोक नेमकं तेच सांगत नाहीत, आणि आम्ही डेंगीच्या मागे लागतो. माणसाकडून माणसाला हा पसरत नाही, तेव्हा घरात कोणाला वाळीत टाकू नका.

खारें_तोर

नर्सबाय, उपयोगी माहिती. आमच्या शेजारच्या आजोबांना 'पँट मोज्यात खोचा' म्हटलं तर ते म्हणतील, मी काय पोलीस आहे?

कुळागरी

मी बराच वेळ लिहू की नको करत होतो. गाव सांगत नाही.

आमच्या कुळागराच्या वर एक व्हाळ, म्हणजे ओढा, आहे, त्यावर छोटा झरा पडतो. कोणीतरी त्याचं चलच्चित्र टाकलं आणि दोन वर्षांत तो 'गुपित धबधबा' झाला. पावसाळा सरला की आम्ही व्हाळावर दगड, माती, पालापाचोळा घालून बांध घालतो. त्यातून पाट निघतो, आणि पाटाचं पाणी पाळीपाळीने चार घरांच्या पोफळींना जातं. कोणाची पाळी कुठल्या दिवशी हे आजोबांच्या काळापासून ठरलेलं. आता सुट्टीत शहरातली मंडळी येतात आणि पोरांना डुंबायला खोल हवं म्हणून बांधाचे दगड इकडचे तिकडे करतात. त्यांच्या दृष्टीने ते नुसते दगड. पाणी भलतीकडे जातं आणि त्या दिवशी ज्याची पाळी त्याची बाग कोरडी. मे महिन्यात पोफळीला एक पाळी चुकली की झावळ पिवळी पडायला वेळ लागत नाही. वर साबण लावून आंघोळी, शांपूच्या पुड्या, काचा. काचांनी आमच्या गड्याचा पाय कापला. भांडलो तर म्हणतात, नदी काय तुमच्या बापाची?

आमच्या बापाची नाही, खरं आहे. पण बांध त्याने घातलेला आहे.

माटोळी

कुळागरी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आमच्या माहेरी मडकईला भातशेती, तिथे बांधाचा दगड हलवला तर पिढ्यान्पिढ्या बोलणं बंद होतं. मला विचाराल तर तिकीट आणि नाका असलेल्या जागीच जावं. 'गुपित' म्हणून कोणी नकाशा पाठवला की समजायचं, कोणाच्या तरी परसात घुसतोय.

संगीतवेडा

सांग्याला गेलात आणि कुर्डी नाही बघितलं? साळावली धरणात बुडालेलं गाव, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. पडक्या भिंती, विहिरींची कडी, झाडांचे सांगाडे. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव हे. त्यांच्या घराच्या खुणा गावकरी दाखवतात. मे महिन्यात विस्थापित कुटुंबं सोमेश्वराच्या देवळाशी जमतात, पूजा होते, जेवणावळ होते. तिथलं जुनं महादेवाचं देऊळ मात्र आधीच दगड-दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन उभारलंय, ते वर्षभर बघता येतं. सकाळी सावरी आणि उतरत्या उन्हात कुर्डी असा बेत जमतो. दुपारी नको, झाडाची सावली नावालाही नाही.

माटोळी

अरे! हे पुढच्या वेळी नक्की. सासूबाई मोगूबाईंच्या रेकॉर्डी ऐकत मोठ्या झालेल्या, त्यांना सांगितलं तर आजच निघतील.

गुडघेदुखी_क्लब

सगळं वाचून उत्साह आला, पण माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. दगडांतून चालणं शक्य नाही. पाणी डोळ्यांनी दिसलं तरी पुरे. काही आहे का?

वाळपईवालो

तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ बघा. कदंबांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, गाडी जवळपर्यंत जाते. शेजारून ओढा वाहतो, मे महिन्यात बारीक असतो पण गारवा असतो. तिथला धबधबा मात्र आत जंगलात, वाट अवघड, आईला घेऊन त्या फंदात पडू नका.

साखळीकर

त्याहून सोपं, आमचा हरवळ्याचा धबधबा. रुद्रेश्वराच्या देवळापाशी गाडी लावायची, तिथूनच पाणी दिसतं. खाली डोहाकडे उतरायला पायऱ्या आहेत, पण आईंना उतरवायची गरज नाही. मे महिन्यात धार बारीक असते हे आधीच सांगून ठेवतो, नंतर शिव्या नको. जवळच जांभ्यात कोरलेल्या गुंफा आहेत, लोक पांडवांच्या म्हणतात.

गुडघेदुखी_क्लब

हे जमेल. रविवारी सकाळी नेतो तिला.

भूजल

एक राहिलं. मे महिन्याच्या शेवटी दुपारनंतर घाटावर गडगडाट व्हायला लागतो. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर जोरदार सर झाली तर ओढा बघता बघता गढूळ होऊन फुगतो. पाण्यात पाने-काटक्या यायला लागल्या किंवा रंग बदलला की सामान गोळा करत बसू नका, आधी काठ चढा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की मग हा धागा पुढच्या वर्षापर्यंत बंद.

साखळीकर

@गुडघेदुखी_क्लब, रविवार टाळा, देवळात गर्दी असते आणि गाडी लांब लावावी लागते. शनिवारी आठच्या आत या. येताना साखळीच्या बाजारातून काणटां-चुर्नां ही रानफळं मिळाली तर घ्या, पाऊस पडला की ती संपली.